गर्भस्पंदन डॉप्लर, घरगुती

गर्भाच्या हृदयाचे ठोके गरोदर स्त्रीला घरच्या घरी ऐकता यावेत म्हणून वापरले जाणारे, हातात मावणारे श्राव्यातीत ध्वनियंत्र (माणसाला ऐकू न येणारा, अतिउच्च कंप्रतेचा ध्वनी वापरणारे; अल्ट्रासाउंड). प्रसूतिपूर्व तपासणीत डॉक्टर वा परिचारिका जे यंत्र वापरतात, त्याचीच ही लहान, बॅटरीवर चालणारी आवृत्ती होय.

कार्यपद्धती : या यंत्रातून हृदयाचा मूळ आवाज ऐकू येत नाही, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. प्रोबच्या (पोटावर टेकवायच्या दांड्याच्या) टोकाशी असलेला, विजेने कंप पावणारा दाबविद्युत् स्फटिक सु. २ ते ३ मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे तरंग पोटात सोडतो. हलत्या पृष्ठभागावर आदळून परतणाऱ्या तरंगांची कंप्रता थोडी बदललेली असते (डॉप्लर परिणाम, १८४२). तरंग २ मेगॅहर्ट्‌झचा, ऊतकांतील ध्वनिवेग सेकंदास सु. १,५४० मी. आणि हृदयाच्या झडपेची गती सेकंदास १० सेंमी. धरली, तर हा फरक सु. २६० हर्ट्‌झ येतो. तो माणसाला ऐकू येणाऱ्या टप्प्यात असल्यामुळे थेट ध्वनिक्षेपकाकडे पाठवता येतो. थोडक्यात, यंत्राला हालचाल कळते. हलते आहे ते काय, हे कळत नाही. आईची महारोहिणी, गर्भाशयाच्या रोहिण्या, वार, नाळ यांतील रक्तप्रवाहाचाही आवाज निघतो. वारेच्या बाजूची सळसळ आईच्या नाडीच्या लयीत असते, नाळेतली गर्भाच्या लयीत.

गर्भहृदयाचा ठोका दुहेरी, घोड्याच्या टापांसारखा आणि मिनिटाला साधारण ११० ते १६० असतो. बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशय ओटीपोटाच्या हाडाच्या जेमतेम वर आलेले असते. तेव्हा जेल लावून प्रोब त्या हाडालगत टेकवावा लागतो आणि जागा न सोडता अंशाअंशाने कलवावा लागतो. अनुभवी परिचारिका त्याच वेळी दुसऱ्या हाताने आईच्या मनगटाची नाडी धरते. दोन्ही लयी जुळल्या तर आवाज आईचा. घरी हा पडताळा बहुधा राहून जातो. त्यातच घाबरलेल्या स्त्रीची स्वतःची नाडी ११०–१२० पर्यंत चढू शकते. पडद्यावरचा आकडाही काही वेळा खऱ्या गतीच्या दुप्पट किंवा निम्मा येतो.

उगम : गर्भाचे ठोके पहिल्यांदा कोणी ऐकले याविषयी एकमत नाही. सतराव्या शतकातील मार्साक या फ्रेंच वैद्याकडे हे श्रेय काही जण देतात. मात्र त्याचा आधार समकालीन पद्यातील एका उल्लेखापुरता आहे. जिनीव्हाचे फ्रांस्वा मेयर यांनी पोटाला कान लावून ठोके ऐकल्याची नोंद १८१८ ची आहे. लेनेक यांच्या स्टेथॉस्कोपने (१८१६) गर्भजलाची खळखळ ऐकू येते का, हे पाहत असताना केरगारादेक या फ्रेंच वैद्यांना आईच्या नाडीहून निराळे, जलद दुहेरी ठोके ऐकू आले. १८२१ च्या अखेरीस त्यांनी ते पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे मांडले. गर्भ जिवंत आहे की नाही, जुळे आहे का, हे ठोक्यांवरून ठरवता येईल असेही त्यांनी सुचवले. पद्धतशीर अभ्यासाची सुरुवात त्यांच्यापासून धरणे अधिक युक्त वाटते. डब्लिनच्या एव्होरी केनेडी यांचा या विषयावरील ग्रंथ १८३३ चा. आदोल्फ पिनार यांच्या नावाने ओळखली जाणारी, गर्भाचे ठोके ऐकण्याची नळी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकातली असून तिचे नेमके वर्ष निरनिराळे दिले जाते.

हातातल्या डॉप्लरचा जनक म्हणून एडवर्ड हॉन यांचे नाव व १९५८ हे वर्ष अनेक ठिकाणी आढळते. तथापि हॉन यांचा १९५८ चा निबंध पोटावर विद्युत् अग्रे (इलेक्ट्रोड) लावून घेतलेल्या गर्भहृदयाच्या विद्युत् आलेखाविषयी आहे, श्राव्यातीत ध्वनीविषयी नाही. जपानमध्ये सातोमुरा यांनी १९५० च्या दशकात हृदयाच्या हालचालींसाठी डॉप्लर तंत्र वापरले होते. गर्भहृदयावरील त्याचा वापर कॅलगन व सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. या शोधासाठी हीच तारीख ग्राह्य मानावी.

धोके : यंत्रातला श्राव्यातीत ध्वनी सौम्य असतो आणि त्याने गर्भाला अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही. खरा धोका खोट्या दिलाशाचा आहे. चक्लादार व ॲडम्स या डॉक्टरांनी २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये असे एक प्रकरण नोंदवले. बाळाची हालचाल मंदावल्याचे जाणवूनही घरच्या यंत्रावर ठोके ऐकू आल्याने ती स्त्री निर्धास्त राहिली आणि रुग्णालयात उशिरा पोहोचली. गर्भ दगावला होता. तिने ऐकले ते बहुधा तिचीच नाडी किंवा वारेतला प्रवाह असावा. ती आधी आली असती तरी बाळ वाचलेच असते असा दावा लेखकांनी केलेला नाही, पण इशारा स्पष्ट आहे. शिवाय ठोके खरोखर गर्भाचेच असले, तरी गर्भ सुखरूप असल्याचा तो पुरावा नव्हे. संकटातल्या गर्भाचे हृदयही चालूच असते. हालचाल कमी वाटली की यंत्र न शोधता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, यावर प्रसूतितज्ज्ञांत मतभेद नाही. उलट बाजूने, सुरुवातीच्या आठवड्यांत ठोके न सापडणे हे पुष्कळदा केवळ प्रोबच्या कोनामुळे घडते आणि स्त्री विनाकारण हादरून जाते.

नियमन : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१४ मध्ये या यंत्रांच्या घरगुती वापराविरुद्ध इशारा दिला; तेथे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, प्रशिक्षित व्यक्तीने वापरायची साधने ठरतात. ब्रिटनमध्ये किक्स काउंट या संस्थेने विक्रीवर बंदीची मागणी लावून धरली आहे.

भारतात : सुश्रुतसंहितेत गर्भाचे हृदय चौथ्या महिन्यात व्यक्त होते आणि स्त्री द्विहृदया होते असे म्हटले आहे, चरकसंहितेत हा काळ तिसऱ्या महिन्याचा येतो. भारतात आता ही यंत्रे ऑनलाइन सहज मिळतात. ठोके १४० च्या वर असले तर मुलगी, खाली असले तर मुलगा, हा समज महाराष्ट्रातही ऐकू येतो. त्याला शास्त्रीय आधार नाही. गर्भाचे वय, त्याची झोप आणि हालचाल यांनुसार एकाच दिवसात तो आकडा दोन्ही बाजूंना जातो.