समूह प्रदर्शनाचं क्युरेशन

पाच-दहा समकालीन कलाकारांची कामं एका विचाराने निवडायची आणि एका गॅलरीत अशी लावायची की शेजारशेजारच्या कामांचं आपसात काहीतरी बोलणं सुरू होईल, याला समूह प्रदर्शनाचं क्युरेशन म्हणतात. क्युरेटर हा शब्द मूळ लॅटिनमधल्या 'काळजी घेणं' या अर्थाच्या शब्दावरून आलाय. मराठीत 'अभिरक्षक' असा सरकारी शब्द आहे पण तो म्युझियमच्या माणसाला, सांगलीत कुणी तो वापरत नाही, 'मांडणी कुणी केली?' असंच विचारतात आणि खरं तर मांडणी हाच शब्द जास्त बरोबर वाटतो.

आपल्याकडे ग्रुप शो म्हणून जे होतं त्यात बरेचदा क्युरेशन नसतंच. चौघं मिळून हॉलचं भाडं वाटून घेतात, प्रत्येकाला एक भिंत, झालं. त्यात वाईट काही नाही, पण निवड झाली नाही म्हणजे क्युरेशन झालं नाही. क्युरेटरचं निम्मं काम नाही म्हणण्याचं, आणि आपल्या भागात तेच अवघड, कारण ज्या सरांकडे चित्रकला शिकलो त्यांचंच चित्र विषयात बसत नाही हे सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी सांगलीच्या विश्रामबागेत ते समोरून येणारच.

औंधचं श्री भवानी चित्रसंग्रहालय (जि. सातारा, १९३८) बघितलं की दुसरं टोक कळतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या आवडीने जमवलेला तो संग्रह, रविवर्म्याची चित्रं आणि इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प एकाच टेकडीवर, पण ते सगळं कायमचं. समूह प्रदर्शन आठ-दहा दिवसांचं आणि त्याला एक प्रश्न असावा लागतो. क्युरेटरची नजर हीच प्रदर्शनाची मुख्य गोष्ट, हे गाजलं ते १९६९ मधे, स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात हाराल्ड झीमन या क्युरेटरने केलेल्या प्रदर्शनापासून. तिथे एका कलाकाराने गॅलरीबाहेरचा रस्ताच फोडला, गावात एवढी ओरड झाली की झीमनने त्याच वर्षी त्या गॅलरीचं संचालकपद सोडलं. भारतात १९८१ चं 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शन महत्त्वाचं, त्यात भूपेन खख्खर, नलिनी मलानी, सुधीर पटवर्धन वगैरे सहा चित्रकार होते आणि कॅटलॉगमधला लेख कला-समीक्षक गीता कपूर यांचा. चित्रात माणसं, त्यांची गोष्ट परत आणायची हा त्यांचा धागा होता, म्हणून ती सहा नावं एकत्र पटतात.

आता भिंत. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर ठेवतात, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीला. सांगलीत ५७ म्हटलं की आयर्विन पुलाजवळची कृष्णेची २०१९ च्या पुरातली पातळी आठवते, पण ते फूट, हे इंच. चित्र ३६ इंच उंच असेल तर ५७ मधे त्याचा अर्धा, म्हणजे १८ मिळवायचे आणि मागची तार ताणल्यावर वरच्या कडेपासून जेवढी खाली येते, समजा ४, तेवढे वजा, म्हणजे खिळा ७१ वर. सुताराला हे सांगायला गेलं की तो ऐकून घेतो, खडूचा दोरा या टोकापासून त्या टोकाला धरतो, टिचकी मारतो, निळी रेघ उमटते, पाणसळ लावून बघतो आणि मग म्हणतो तुमची फरशीच उताराला आहे. तेव्हा माप फरशीवरून घ्यायचं नाही, रेघेवरून घ्यायचं.

पण खिळा मारायच्या आधी सगळी कामं भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवायची आणि दिवसभर अदलाबदल करत बसायचं, क्युरेशन खरं इथेच होतं. भडक मोठ्या कॅनव्हासशेजारी छोटं पेन्सिल ड्रॉइंग ठेवलं तर ते मरतं, तेच ड्रॉइंग एकटं कोपऱ्यात ठेवा, माणूस दोन पावलं पुढे जाऊन बघतो. व्हिडिओचा आवाज बाजूच्या शांत कामावर सांडतो हे तर सगळ्यात शेवटी लक्षात येतं.

कागदावरच्या कामाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपासच उजेड चालतो, ऑइलला २०० पर्यंत. बहुउद्देशीय हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीतून चार वाजता ऊन आलं की हे गणित संपलं, म्हणून जलरंग त्या भिंतीवर नकोतच. जुलै-ऑगस्टमधे सांगलीत गावभाग, हरभट रोडकडे तळमजल्यावर कामं ठेवायची नाहीत, पुराचं पाणी येतं. आणि ऑइलच्या रंगावर बबल रॅप थेट गुंडाळू नये, फोडांचे ठसे उमटतात, आधी बटर पेपर.

कागदपत्रांचा कंटाळा सगळ्यांना येतो. प्रत्येक काम येताना फोटो काढून कन्डिशन रिपोर्ट, म्हणजे काम कुठल्या अवस्थेत आलं त्याची नोंद, करायचा, नाहीतर कोपऱ्यातला तडा टेम्पोत गेला की आधीपासून होता यावर भांडण ठरलेलं. चित्र विकलं तरी कॉपीराइट आपोआप घेणाऱ्याकडे जात नाही, म्हणून कॅटलॉगमधे छापायची परवानगी कलाकाराकडून लेखी घ्यावी. कमिशन किती ते आधी ठरवायचं, खाजगी गॅलऱ्या बरेचदा एक तृतीयांश ते निम्मं घेतात. विकलेल्या कामाच्या लेबलवर लाल टिकली लावतात, पण ते काम शेवटच्या दिवसापर्यंत भिंतीवरच राहतं, गिऱ्हाईक कितीही घाई करो, कारण एक काढलं की शेजारच्या दोघांचं बोलणं तुटतं.

शेवटच्या संध्याकाळी उतरवायचं, रिपोर्ट परत ताडून बघायचा, खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवून वर पांढऱ्याचा एक हात मारायचा. त्याशिवाय हॉलवाला डिपॉझिट सोडत नाही.