हिरवे टोमॅटो पिकायला ऊन लागतं का?

हंगाम संपताना हमखास फिरणारा सल्ला: "झाडावर उरलेले हिरवे टोमॅटो तोडून खिडकीत उन्हाला ठेवा, उन्हाशिवाय ते लाल होत नाहीत."

पटण्यासारखं आहे, कारण खिडकीतले टोमॅटो बऱ्याचदा लाल होतातही. पण ती करामत उन्हाची नव्हे. टोमॅटो स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतो आणि त्यानेच पिकतो. तोडल्यावरही हे चालू राहतं. त्याला हवी बेताची ऊब, साधारण २० ते २५ अंश. ३० च्या वर लायकोपीन हे लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही. मुंबईत मार्च-एप्रिलमध्ये खिडकीच्या ग्रिलमध्ये उन्हाने तापलेले टोमॅटो पिवळट-नारिंगी राहतात ते त्यामुळे. फ्रिजमध्ये तर पिकणं रखडतंच.

पडताळा घरीच घ्या. एकाच झाडाचे, सारख्या आकाराचे दोन टोमॅटो घ्या. एक उन्हात ठेवा, दुसरा कागदात गुंडाळून पिकल्या केळ्याशेजारी (तेही इथिलीन सोडतं) कपाटात. अंधारातलाही लाल होईल. आंब्याची अढी घालणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही; तिथे कुठे ऊन असतं?

मात्र फळ आतून तयार हवं. एखादा टोमॅटो कापून बघा. बियांभोवती बुळबुळीत गर असेल आणि बिया सुरीखालून निसटत असतील, तर त्याच्यासारखे बाकीचेही पिकतील. बियाच चिरल्या गेल्या तर फळ कोवळं, त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. फोडी तेलावर परता, मिरची, लसूण, दाण्याचं कूट, तीळ आणि गुळाचा खडा घालून वाटा. भाकरीबरोबर ही चटणी लाल टोमॅटोपेक्षा सरस लागते, असं माझं मत.