डोल्बाडार्न किल्ला (चित्र)

इंग्रज चित्रकार जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर (१७७५–१८५१) याचे एक प्रसिद्ध तैलचित्र. कॅनव्हासवरील हे उभे चित्र सुमारे १२० × ९० सेंमी. असून १८०० मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या वार्षिक प्रदर्शनात प्रथम मांडले गेले. १८०२ मध्ये टर्नर अकॅडमीचा पूर्ण सदस्य झाला. नव्या सदस्याने आपली एक कलाकृती संस्थेला द्यावी, या नियमानुसार त्याने हेच चित्र दिले. तेव्हापासून ते तेथील संग्रहात आहे.

चित्रविषय उत्तर वेल्समधील लानबेरिस गावाजवळचा आहे. स्नोडन पर्वताच्या पायथ्याशी, पादार्न व पेरिस या दोन सरोवरांच्या मधल्या उंचवट्यावर हा किल्ला उभा आहे. त्याचा सुमारे १५ मी. उंचीचा गोल बुरूज अद्याप शिल्लक आहे. कॉनवी, कार्नारवॉन येथील किल्ले इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने तटबंदीच्या नव्या वसाहतींसह बांधवले. डोल्बाडार्न मात्र वेल्श राजांनी उभारलेला आहे. बांधकामाचा नक्की काळ नोंदलेला नाही. बुरुजाची घडण वेल्सच्या सरहद्दीवरील इंग्रज सरदारांच्या गोल बुरुजांशी जुळते. त्यामुळे तो वेल्श राजा लेवेलिन अप योरवर्थ (मृ. १२४०) याच्या कारकिर्दीत, बहुधा १२२० ते १२४० च्या दरम्यान बांधला गेला असावा, असे सामान्यतः मानतात. एडवर्डने वेल्स जिंकल्यावर येथील लाकूड काढून कार्नारवॉनच्या बांधकामासाठी नेण्यात आले.

चित्राचा आशय वेल्श राजपुत्र ओवाइन गोख याच्या बंदिवासाशी जोडलेला आहे. लेवेलिन अप योरवर्थचा नातू लेवेलिन अप ग्रिफिद याने १२५५ मध्ये ब्रिन डरविनच्या लढाईत आपला भाऊ ओवाइन याचा पराभव केला आणि त्याला वीस वर्षांहून अधिक काळ कैदेत ठेवले. एडवर्डशी झालेल्या १२७७ च्या तहानंतर ओवाइनची सुटका झाली. एवढा भाग निर्विवाद आहे. वाद आहे तो कैदेच्या जागेविषयी. ओवाइनचा समकालीन कवी हवेल वोएल याने बुरुजात कोंडलेल्या पुरुषासाठी शोक करणारी रचना केली, पण तिच्या आधारे किल्ला ठरवता येत नाही. डोल्बाडार्नशी सांगड घालणारा उल्लेख सोळाव्या शतकात इंग्रज पुरातत्त्वप्रेमी जॉन लेलंडच्या टिपणांत येतो, म्हणजे घटनेनंतर जवळजवळ तीन शतकांनी. अठराव्या शतकातील प्रवासवर्णनांतून ही कथा रूढ झाली. काही अभ्यासक ती ग्राह्य मानतात. इतरांना स्थानिक परंपरेपलीकडे पुरावा दिसत नाही. उपलब्ध साधने पाहता दुसरे मत अधिक सावध व म्हणून अधिक स्वीकारार्ह वाटते. टर्नरच्या काळी मात्र ती सर्वमान्य होती आणि चित्र समजून घेताना तेवढे पुरेसे आहे.

प्रदर्शनाच्या सूचीत चित्रासोबत पाच ओळींचे पद्य छापले होते. ओसाड माळाची भयाण शांतता, गगनाला भिडणारे डोंगर आणि स्वातंत्र्यासाठी व्यर्थ तळमळणारा ओवाइन, असा त्यातील आशय. १७९८ पासून अकॅडमीने सूचीत पद्य देण्याची मुभा दिली होती व टर्नरने तिचा लगेच लाभ घेतला. इतर चित्रांखाली तो मिल्टन, जेम्स टॉमसन अशी नावे देई. येथे कवीचे नाव नाही. यावरून या ओळी त्याच्याच असाव्यात असा तर्क केला जातो आणि तो पटण्याजोगा आहे. पुढे तो चित्रांना स्वरचित पद्ये नियमाने जोडू लागला, ही गोष्टही त्याला पूरक ठरते.

टर्नरने १७९२ ते १७९९ या काळात वेल्सचे पाच दौरे केले. त्यांतील अखेरच्या दोन दौऱ्यांत या स्थळाची रेखाटने केली. ती व संबंधित रंगीत खडूंची टिपणे लंडनच्या टेट संग्रहात आहेत. वेल्श निसर्गचित्रकार रिचर्ड विल्सन (मृ. १७८२) याने हाच किल्ला आधी रंगवला होता व टर्नर त्याला फार मानत असे, पण विल्सनच्या शांत, सोनेरी उजेडाला येथे जागा नाही. दृष्टिबिंदू खाली घेतल्याने बुरूज प्रत्यक्षाहून कितीतरी उंच भासतो. मागचे आकाश उजळलेले आणि डोंगरउतार जवळजवळ काळे, त्यामुळे बुरुजाची बाह्यरेषाच सर्व चित्र तोलून धरते. तळाशी काही चिमुकल्या मानवाकृती असून सैनिकांनी धरलेला ओवाइन असा त्यांचा अर्थ लावतात. त्या आकृती झाकून पाहिले तरी चित्राचा प्रभाव कमी होत नाही. कैद्याचे दुःख बुरुजाच्या एकाकीपणातच सामावले आहे. विचारवंत एडमंड बर्कच्या ‘उदात्त’विषयक (भय व विस्मय जागवणाऱ्या भव्यतेविषयीच्या) विचारांचे (१७५७) इतके संयत चित्ररूप त्या काळात क्वचितच आढळते.

समोरच्या डोंगरात दिनॉरविकची स्लेट-खाण १७८७ मध्येच सुरू झाली होती. तिची खूणही चित्रात नाही. लानबेरिसचा पुढील विस्तार या खाणीमुळे झाला; ती १९६९ मध्ये बंद पडली.

याच विषयाचे टर्नरचे एक लहान तैलचित्र ॲबरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.