पाम स्प्रिंग्स वेगळं, जोशुआ ट्री वेगळं

थँक्सगिव्हिंग जवळ आलं की सदर्न कॅलिफोर्नियातल्या आपल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तोच प्रश्न पुन्हा येतो, आई-बाबा आलेत, दोन रात्री मोकळ्या आहेत, पाम स्प्रिंग्स-जोशुआ ट्रीला कुठे राहावं? मग उत्तरांची रांग लागते. एकजण पूलवाल्या रिसॉर्टची लिंक टाकतो, दुसरी ट्वेंटीनाइन पाम्सच्याही पुढच्या कुठल्यातरी कच्च्या रस्त्यावरच्या घराची, आणि तिसरा येऊन सांगतो की अरे सगळं एकाच एरियात आहे, काही फरक पडत नाही.

पडतो हो. इतका पडतो की एका ठिकाणची बॅग भरून दुसऱ्या ठिकाणी गेलात तर पहिल्याच रात्री गाडीतल्या टॉवेलांची पांघरुणं करायची वेळ येईल.

पाम स्प्रिंग्सबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना माहितीये. एल.ए.पासून साधारण ११० मैल, ट्रॅफिक नसेल तर दोन तास, आणि शुक्रवारी चारला निघालात तर किती ते विचारू नका. हॉटेल, पूल, पाम कॅन्यन ड्राइव्हवर फेरी, गुरुवार असेल तर संध्याकाळी तिथला रस्त्यावरचा बाजार, १९५०-६० च्या जमान्यातली सपाट छपरांची घरं. आराम करायचं शहर आहे, तिथे जाऊन आराम करा. एवढंच.

गाडी अडते ती पुढे. एल.ए.कडून १० नंबरच्या फ्रीवेने येताना पवनचक्क्या लागतात, तिथे १११ ने दक्षिणेला वळलात की पाम स्प्रिंग्स. थोडंसंच पुढे ६२ चा फाटा आहे, तो उत्तरेला जातो, मोरोंगो व्हॅलीतून चढत युक्का व्हॅलीला, मग जोशुआ ट्री गाव, मग ट्वेंटीनाइन पाम्स. दोन्ही फाटे पाच-सहा मैलांच्या अंतरात, म्हणून मॅपवर दोन्ही शेजारी-शेजारी दिसतं आणि लोक फसतात. मॅप अंतर दाखवतो, चढ दाखवत नाही. पाम स्प्रिंग्स शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ४८० फुटांवर आहे. युक्का व्हॅली ३३०० फुटांच्या आसपास. जोशुआ ट्री नॅशनल पार्कात हिडन व्हॅलीला पोचेपर्यंत ४००० च्या वर जाता, आणि कीज व्ह्यू पॉइंट ५१८५ फुटांवर. म्हणजे तासाभराच्या ड्राइव्हमध्ये हजार-अकराशे मीटर वर. आपल्याकडचं सांगायचं तर पोलादपूर आणि महाबळेश्वर. मधे चाळीसेक किलोमीटर आणि एक घाट, पण पोलादपूरला उकडतंय म्हणून कोणी महाबळेश्वरला स्वेटरशिवाय जात नाही, आणि दोन्हीकडे एकच पीक येतं असंही कोणी म्हणत नाही. तिकडच्या लोकांना हे नीट कळतं, ते खालच्याला लो डेझर्ट म्हणतात, वरच्याला हाय डेझर्ट, आणि दोन्हीला सरसकट 'वाळवंट' म्हणत बसत नाहीत. आपण मात्र वाळवंट म्हटलं की डोक्यात उंट आणि ऊन आणतो आणि कॉटनचे कुर्ते भरतो.

आता हे बघा काय होतं ते. डिसेंबर-जानेवारीत पाम स्प्रिंग्सला दिवसा ७० डिग्री फॅरनहाइटच्या आसपास असतं, म्हणजे आपलं २१, मस्त. त्याच दिवशी वर पार्कात ६० च्या आसपास, वारा सुटला तर त्याहून कमी वाटतं, आणि रात्री पाणी गोठतं. उंच भागात कधीकधी बर्फही पडतो. बाबांनी सकाळी खाली पूलजवळ टी-शर्टात चहा घेतलेला असतो, मग दुपारी वर नेऊन सूर्यास्त बघायला थांबवलं की सूर्य गेल्यावर वीस मिनिटांत ते गाडीत जाऊन बसतात आणि बाकीच्यांनी फोटो काढेपर्यंत हीटर लावून वाट बघतात. जॅकेट, कानटोपी, मोजे, हे सगळं वर लागतं. खाली नाही लागत. तेवढ्यासाठी तरी आधी ठरवा कुठे जायचंय.

झाडांचंही हेच. पाम स्प्रिंग्सला राहून 'जोशुआ ट्री कुठायत?' असं हॉटेलच्या रिसेप्शनवर विचारणारे लोक आहेत. खाली नाहीत. जोशुआ ट्री हा युक्काचा, म्हणजे टोकदार पानांच्या एका झाडाचा प्रकार आहे, कॅक्टस नाही, पाम तर अजिबात नाही, आणि तो मोहावी वाळवंटात, म्हणजे साधारण ३००० फुटांच्या वरच्या थंड पट्ट्यात वाढतो. त्याला हिवाळ्याची थंडी लागते, फांदीच्या टोकाला गारठा बसला की फुलोरा येतो आणि मग तिथून फांद्या फुटतात असं मानतात. पाम स्प्रिंग्सच्या हिवाळ्यात तेवढा दम नाही. उलट खालचा फॅन पाम पाण्याला चिकटून वाढतो, जिथे जमिनीतल्या भेगांमुळे पाणी वर येतं तिथे. इंडियन कॅन्यन्सला गेलात तर कोरड्या डोंगरामध्ये अचानक हिरवी राई आणि खाली झरा दिसतो, ते त्यामुळे. ती जागा आग्वा कालिएंते काहुइया या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या मालकीची आहे, तिकीट वेगळं, नॅशनल पार्कचा पास तिथे चालत नाही आणि गेटवर हुज्जत घालून उपयोग नाही.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ते. पार्काला दक्षिणेकडून पण गेट आहे, कॉटनवूड, १० नंबर फ्रीवेच्या अगदी जवळ, इंडिओच्या पुढे. पाम डेझर्ट किंवा इंडिओला राहणाऱ्यांना फोन कधीकधी तिथूनच घुसवतो, जवळ म्हणून. लोक खुशीत आत शिरतात, बोर्डाजवळ फोटो काढतात आणि मग अर्धा तास, पाऊण तास गाडी चालवतात आणि एकही जोशुआ ट्री नाही! का तर तो पार्काचा कोलोरॅडो वाळवंटातला अर्धा भाग आहे, खालच्या वाळवंटाचाच पसारा. पिंटो बेसिनचं मोकळं रान ओलांडायचं, चोया कॅक्टस गार्डन लागतं (त्याला हात लावू नका, मुलांना सांगा, परत सांगा, काटे चिमटा घेऊनच काढावे लागतात), आणि मग रस्ता चढायला लागतो तेव्हा कुठे पहिली झाडं आणि ते गोलगरगरीत मोठे दगड सुरू होतात. म्हणजे पार्काच्या नावातलं झाड पार्काच्या निम्म्या भागात नाहीच. वेळ कमी असेल तर वेस्ट एन्ट्रन्सनेच जा, जोशुआ ट्री गावातून, किंवा गर्दी असेल तर ट्वेंटीनाइन पाम्सकडच्या नॉर्थने. लाँग वीकेंडला वेस्टच्या गेटवर लांब लाइन लागते, नऊच्या आत पोचा नाहीतर नॉर्थने जा. एका गाडीचे ३० डॉलर, ७ दिवस चालतात.

मग उन्हाळा. यावर पण एक गोड गैरसमज आहे, की खाली ११० डिग्री असेल तर वर उंचावर थंड असेल, चला जुलैत जोशुआ ट्री करू. नाही. वर थोडं कमी असतं एवढंच, १०० च्या वर जातंच, आणि वर सावली नाही, दुकान नाही, बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नाही. खाली निदान एसी आणि पूल आहे. पाम स्प्रिंग्सने ५ जुलै २०२४ ला १२४ डिग्री बघितलंय, म्हणजे ५१ सेल्सियस, तरी लोक तिथे उन्हाळ्यात जातात कारण हॉटेलं स्वस्त होतात आणि माणूस सकाळी आठनंतर बाहेर पडतच नाही. हे चालतं, मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण उन्हाळ्यात आई-बाबांना पार्कात ट्रेलवर नेणं हा शुद्ध आचरटपणा आहे, मग कोणी कितीही म्हणो की आमच्या बाबांना विदर्भातल्या उन्हाची सवय आहे.

उन्हाळ्यात खरंच थंडी हवी असेल तर ट्राम, म्हणजे रुळांवरची नाही, तारेवरून डोंगरावर जाणारी, रोपवेसारखी. पाम स्प्रिंग्सच्या कडेला, २६४३ फुटांवरून ८५१६ फुटांवर, फिरत्या डब्यातून दहाएक मिनिटांत, १९६३ पासून चालू आहे. वर खालच्यापेक्षा ३० डिग्री तरी कमी असतं, हिवाळ्यात बर्फ असतो. कान बंद होतात, ज्यांना हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरला विचारा. साधारण सप्टेंबरात मेंटेनन्सला बंद असते, तारखा बघून घ्या. ही ट्राम जोशुआ ट्रीला जात नाही. हसू नका, विचारतात लोक.

बाकीचे नावांचे घोळ एका दमात सांगतो. पाम डेझर्ट हे दुसरं गाव आहे, त्याच व्हॅलीत अर्ध्या तासावर, रांचो मिराज, ला किंता, इंडिओ हे सगळे त्याच रांगेत, हवामान सारखंच, कुठेही राहा. डेझर्ट हॉट स्प्रिंग्स फ्रीवेच्या पलीकडे, गरम पाण्याच्या कुंडांसाठी. कोचेला फेस्टिव्हल पाम स्प्रिंग्सला नाही, इंडिओला होतो, एप्रिलचे दोन वीकेंड, आणि त्याच्या पुढच्या वीकेंडला स्टेजकोच, तोही गाण्यांचाच फेस्टिव्हल. तिकीट नसेल तर ते तीन वीकेंड सोडून द्या, खोल्यांचे भाव बघूनच घाम फुटतो.

राहण्याबद्दल माझं मत ठाम आहे. म्हातारी माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर खाली राहा आणि वर एक दिवस जा. उलटं करू नका. पार्काच्या आत हॉटेल नाही, फक्त कॅम्पिंग, आणि बाहेरची जी सुंदर सुंदर घरं लिस्टिंगमध्ये 'जोशुआ ट्री' म्हणून दिसतात त्यातली कितीतरी लँडर्स किंवा वंडर व्हॅलीत असतात, शेवटचे दोन-तीन मैल खडखडाट करणारा कच्चा रस्ता, रात्री दूध संपलं तर अर्धा तास ड्राइव्ह. मित्रमंडळी असाल, शेकोटी आणि तारे हवे असतील तर मात्र वरच राहा, खाली राहून ते मिळत नाही. खाली बुक करताना दोन गोष्टी बघा. एक, पाम स्प्रिंग्समधली बरीच छोटी हॉटेलं फक्त मोठ्यांसाठी असतात, २१ च्या पुढे, तिथे मुलांना घेऊन पोचलात तर दारातूनच परत. दुसरं, हिवाळ्यात पूल हीटेड आहे का आणि भाड्याच्या घरात त्याचे पैसे वेगळे आहेत का. जानेवारीत गार पूल म्हणजे नुसतं बघायचं पाणी.

ताऱ्यांसाठी जाणाऱ्यांना एक विनंती आहे, आकाशगंगा बघायला जायचं म्हणून पौर्णिमेचा वीकेंड बुक करू नका. घरात भिंतीवर मराठी दिनदर्शिका लटकतेय ना, तिच्यात अमावस्या शोधा. आणि पार्काच्या पूर्वेकडे, पिंटो बेसिनच्या बाजूला जा, पश्चिमेला खालच्या शहरांचा उजेड आकाशात चढतो. आकाशगंगेचा मधला भरगच्च पट्टा थँक्सगिव्हिंगला दिसत नाही, तो वसंत ते सुरुवातीची फॉल.

एका दिवसात दोन्ही वाळवंटं बघायची असतील तर क्रम हा ठेवा. खालून सकाळी लवकर निघून ६२ ने चढा, युक्का व्हॅलीत गॅस भरा आणि तिथल्या मोठ्या दुकानातून पाणी घ्या, माणशी एक गॅलन, कारण आत गॅस नाही, खायला नाही आणि पाणी फक्त कडेच्या काही ठिकाणी. धपाटे, दशम्या, लोणचं बरोबर असलं की प्रश्नच मिटतो. वेस्ट गेटने आत, हिडन व्हॅलीचा मैलभराचा गोल चालायला सोपा आहे, गुडघे दुखत असतील तर कॅप रॉकचा सपाट छोटा रस्ता. मग कीज व्ह्यू. तिथे कठड्याला उभं राहिलं की खाली अख्खी कोचेला व्हॅली दिसते, समोर सॅन हसिंटोचा डोंगर, डावीकडे सॉल्टन सी, मधून सॅन आंद्रेआस फॉल्ट, म्हणजे जमिनीतली भूकंपाची मोठी भेग, आणि सकाळी जिथून निघालात ते पाम स्प्रिंग्स जवळजवळ पावणेपाच हजार फूट खाली. हवा स्वच्छ असली पाहिजे, एल.ए.चा धूर खिंडीतून आत येतो. टॉयलेट बहुतेक ठिकाणी खड्ड्यावरचे, बिनपाण्याचे, आईला आधीच सांगून ठेवा आणि सॅनिटायझर, टिश्यू, पाण्याची जास्तीची बाटली गाडीत असू द्या.

मग जंबो रॉक्स, स्कल रॉक, आणि उतरत चोया गार्डनला सूर्य कलताना पोचा, काटे उजेडात चमकतात, आणि तसंच पुढे कॉटनवूडने बाहेर. या दिशेने आलं की वरचं वाळवंट संपून खालचं कुठे सुरू झालं ते गाडीत बसल्या बसल्या कळतं, झाडं विरळ होतात, जॅकेटं निघतात. १० नंबरने परत येताना इंडिओ लागतं, तिथे खजुराच्या बागा आहेत, शील्ड्सचं दुकान १९२४ पासूनचं, डेट शेक घ्या, एक दोघांत पुरतो, भयंकर गोड असतो. पण कॉटनवूडने निघेपर्यंत ते बंद झालेलं असेल, त्यामुळे ते दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि एल.ए.च्या वाटेवर कॅबाझोनच्या आउटलेट मॉलला जायचंच असेल तर शुक्रवारी जाताना थांबा, रविवारी संध्याकाळी परतीच्या ट्रॅफिकमध्ये तिथून पुन्हा फ्रीवेला लागायचं म्हणजे आधीच उशीर, त्यात अजून उशीर.