गिनीपिगचे दंतविकार

गिनीपिग (कॅव्हिया पोर्सेलस) या पाळीव कृंतक (कुरतडणाऱ्या) प्राण्याच्या दातांची अतिवाढ, दातांची चुकलेली बैठक, दाढांच्या मुळांकडील टोकांचे लांबणे, दात सैल होणे आणि जबड्यातील गळवे यांचा या संज्ञेत समावेश होतो. हे विकार बहुधा एकातून दुसरा असे उद्भवत असल्याने त्यांचा विचार एकत्रच केला जातो. चेक प्रजासत्ताकातील १,००० पाळीव गिनीपिगांच्या उपचारनोंदी तपासून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक तृतीयांशाहून अधिक प्राण्यांत दंतविकार आढळले. इतर कोणत्याही आजारापेक्षा हे प्रमाण जास्त होते.

दंतरचना : गिनीपिगला एकूण २० दात असतात. वरच्या व खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला पटाशीचा एक दात, एक उपदाढ व तीन दाढा अशी त्यांची मांडणी असते. सुळे नसतात. पटाशी व दाढा यांच्यामधील मोकळ्या जागेस दंतावकाश म्हणतात. पटाशीचे दात पांढरे असतात; उंदीर-घुशींच्या दातांवर दिसणारा पिवळा-नारिंगी रंग येथे नसतो. खालची पटाशी वरच्यापेक्षा बरीच लांब दिसते. ही स्थिती नैसर्गिक आहे, पण नवखे पालक तिलाच अतिवाढ समजतात आणि निरोगी दात कापून घेतात.

विसाच्या वीस दात आयुष्यभर वाढत राहतात. त्यांना खऱ्या अर्थाने बंद झालेले मूळ नसते. उंदरात ही सतत वाढ फक्त पटाशीपुरती असते. गिनीपिगच्या दाढा सरळ उभ्या नसून वक्र असतात. खालच्या दाढांचे माथे जिभेकडे, तर वरच्यांचे गालाकडे कललेले असतात, आणि चावण्याची पातळी आडवी नसून सुमारे ३० अंशांनी तिरपी असते. जबड्याचा सांधा लांबट असल्याने चर्वण मुख्यतः मागे-पुढे घासत होते. पुढे वर्णिलेल्या विकारांपैकी बरेच या तिरप्या मांडणीतून समजतात. झीज कमी पडली की खालच्या दाढा आत वाढून जिभेवर कमान धरतात, जीभ खाली अडकते आणि प्राण्याला घास मागे सारता येत नाही. वरच्या दाढांच्या बाहेरील कडा टोकदार होऊन गालाला जखमा करतात.

तोंड अरुंद असते, गालांच्या आतील वळ्या मध्ये येतात आणि तोंडात बहुतेक वेळा चावलेला चारा असतो. त्यामुळे ओठ वर करून पाहिले असता फक्त पटाशी दिसते. ही तपासणी पुरेशी मानणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. पटाशी वाकडी किंवा तिरपी घासलेली दिसली, तरी मूळ दोष बहुतेक वेळा मागील दाढांत असतो. एका बाजूची दाढ दुखत असल्यामुळे प्राणी दुसऱ्याच बाजूने चावतो आणि त्याचा परिणाम पुढच्या दातांवर उमटतो.

कारणमीमांसा : दंतविकारांच्या मूळ कारणाविषयी मतभेद आहेत. अपुरी झीज, क-जीवनसत्त्वाची उणीव, आणि आनुवंशिक किंवा अस्थिचयापचयाचा दोष असे तीन पक्ष ढोबळमानाने मांडता येतात.

यांपैकी क-जीवनसत्त्वाच्या पक्षाला सर्वांत जुना प्रायोगिक आधार आहे. माणसाप्रमाणेच गिनीपिगच्या शरीरात हे जीवनसत्त्व तयार होत नाही, कारण त्यासाठी लागणारे शेवटच्या टप्प्यातील विकर (एन्झाइम) त्याच्या यकृतात नसते. १९०७ मध्ये नॉर्वेतील आक्सेल होल्स्ट व थिओडोर फ्रलिक हे जहाजांवरील बेरीबेरीचा अभ्यास करीत होते. त्यांनी गिनीपिगांना केवळ धान्याच्या आहारावर ठेवले, तेव्हा त्यांना बेरीबेरीऐवजी स्कर्व्ही, म्हणजे क-जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, झाला. तेव्हापासून हा प्राणी स्कर्व्हीच्या संशोधनाचे प्रमुख साधन ठरला. १९१९ मध्ये झिल्वा व वेल्स यांनी स्कर्व्हीजनक आहारावरील गिनीपिगांच्या दातांतील बदल वर्णिले आणि दात हा या रोगात अगदी आरंभी बाधित होणाऱ्या अवयवांपैकी एक असल्याचे दाखवले. पुढे हॉयर यांनी याच गुणाचा उपयोग करून घेतला. एखाद्या पदार्थात स्कर्व्हीरोधक द्रव्य किती आहे, हे गिनीपिगच्या दंतमुळाचे सूक्ष्म छेद पाहून ठरवण्याची पद्धत त्यांनी मांडली. १९२६ मध्ये वोल्बाख व हाउ यांनी पेशी-पेशींच्या मधले आधारद्रव्य नीट तयार न होणे हाच या रोगाचा गाभा असल्याचे प्रतिपादन केले. आजच्या भाषेत हा कोलॅजेनचा, म्हणजे ऊतींना बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचा, दोष होय. दाताला जबड्याच्या खोबणीत धरून ठेवणारे तंतू कोलॅजेनचेच असतात. ते कमजोर झाले की दात हलतो, सरकतो आणि त्याची बैठक चुकते.

मात्र हे प्रयोग तीव्र व जवळजवळ संपूर्ण उणिवेवरचे होते. घरात पाळलेल्या प्राण्यात सहसा दीर्घकाळ चाललेली अर्धवट उणीव असते. प्रयोगशाळेतील निष्कर्ष तिला जसेच्या तसे लावणे कितपत योग्य, याबाबत सावधगिरी हवी.

झीजेचा पक्ष चिकित्सकांत अधिक मान्य आहे. गवतात सिलिकेचे सूक्ष्म कण असतात आणि ते दात घासतात. शिवाय गवत बराच वेळ चावावे लागते. दाणे व खाद्यगोळ्या यांनी पोट लवकर भरते, चर्वणाचा वेळ घटतो आणि दाढा वाढतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गिनीपिगांना लसूणघास, गवत व बांबू हे तिन्ही प्रकार ताजे आणि वाळलेले असे देऊन दातांच्या पृष्ठभागावरील खुणा मोजल्या गेल्या. या खुणा चाऱ्यातील सिलिका व पाणी या दोहोंवर अवलंबून असल्याचे दिसले. सिलिका लसूणघासात सर्वांत कमी व बांबूत सर्वांत जास्त होती. ताजे गवत वाळलेल्यापेक्षा सौम्य ठरले. तथापि झीज वाढली की दाताच्या वाढीचा वेगही वाढतो, असे ससे व गिनीपिग यांच्यावरील निरीक्षणांतून दिसते. म्हणून ‘कमी झीज म्हणजे अतिवाढ’ हे समीकरण वाटते तितके सरळ नाही. चाऱ्याच्या कठीणपणापेक्षा जबडा किती वेळ व कोणत्या दिशेने हलतो याला अधिक महत्त्व द्यावे, हे मत प्रस्तुत लेखकाला ग्राह्य वाटते. लाकडाचे ठोकळे किंवा मिठाच्या वड्या यांचा दाढांच्या झिजेसाठी उपयोग का होत नाही, हेही त्यावरून कळते; त्या वस्तू प्राणी पुढच्या दातांनी कुरतडतो.

तिसऱ्या पक्षातील ठळक उदाहरण सॅटिन जातीचे आहे. चमकदार केसांच्या या प्राण्यांत हाडे मऊ होऊन त्यांच्या जागी तंतुमय ऊतक येण्याचा विकार विशेष आढळतो. त्यात जबडा दातांना घट्ट धरू शकत नाही. ड-जीवनसत्त्व व सूर्यप्रकाश यांचाही संबंध सुचवला जातो. अतिनील-ब प्रकाशात ठेवलेल्या गिनीपिगांच्या रक्तात या जीवनसत्त्वाची पातळी वाढते, एवढे प्रयोगांनी दिसले आहे.

लक्षणे : गिनीपिग वेदना लपवतो. त्यामुळे वजनातील घट हे सर्वांत आधी मिळणारे व सर्वांत विश्वसनीय लक्षण ठरते. प्रौढ प्राण्याचे वजन साधारण ७०० ते १,२०० ग्रॅम असते. स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर दर आठवड्याला, ठरलेल्या वेळी ते करून लिहून ठेवावे. आठवड्यात ५० ग्रॅमची घट झाली तर रोज वजन करावे. १० टक्के घट झाली असल्यास विलंब न करता पशुवैद्याकडे जावे.

दातदुखी असलेला प्राणी खाण्याकडे धावतो, हुंगतो, घास उचलतो आणि टाकून देतो. आधी वाळलेले गवत सुटते, मग गाजरासारखे कठीण पदार्थ. काकडी किंवा कोथिंबिरीची पाने शेवटपर्यंत खाल्ली जातात. हनुवटी व गळ्याखालचे केस लाळेने ओले राहतात. लेंड्या लहान, कोरड्या व थोड्या होतात. खालच्या जबड्याच्या कडेवर बोट फिरवले असता गाठी लागल्या, तर मुळे खाली लांबली आहेत असे समजावे. वरच्या दाढांची मुळे डोळ्याच्या खोबणीजवळ असल्याने एकाच डोळ्यातून सतत पाणी येणे किंवा डोळा पुढे येणे हे दाढेमागील गळवाचे चिन्ह असू शकते. अशा डोळ्यावर नुसते थेंब घालत राहण्यात मौल्यवान दिवस जातात.

निदान : दाढांची खरी तपासणी भूल देऊन, तोंड व गाल फाकवणारी छोटी उपकरणे वापरूनच होते. कवटीची क्ष-किरण चित्रे समोरून, बाजूने व तिरकी अशी घ्यावी लागतात. हिरडीवरचा भाग ठीक दिसत असताना मुळाकडील वाढ केवळ चित्रातच सापडते. सी. टी. स्कॅन उपलब्ध असल्यास अधिक स्पष्टता येते.

बडोद्यातील पाळणूक : वडोदरा (बडोदे) शहरातील मराठी घरांत गिनीपिग प्रामुख्याने मुलांसाठी आणला जातो आणि सदनिकेत पिंजऱ्यात ठेवला जातो. विकत मिळणारे टिमोथी गवत परदेशी व महाग असल्याने पालक स्थानिक चाऱ्याकडे वळतात. गुजरातेत रजको म्हणून ओळखला जाणारा लसूणघास येथे सर्वांत सहज मिळतो. गाईला घालण्यासाठी त्याच्या पेंड्या रस्त्याकडेला विकल्या जातात. आणंद येथील चारा संशोधनातून ‘आणंद-२’ हे त्याचे प्रसिद्ध वाणही निघाले आहे. गाईगुरांसाठी उत्तम असलेला हा चारा प्रौढ गिनीपिगला मुख्य अन्न म्हणून मात्र योग्य नाही. तो गवत नसून द्विदल वनस्पती आहे. त्यात सिलिका कमी आणि कॅल्शियम भरपूर असते, त्यामुळे मूत्राशयात खडे होण्याचा धोका राहतो. वाढत्या पिल्लांना व गाभण मादीला तो थोडा द्यावा.

त्याऐवजी खरी गवते निवडावीत. मराठीत मारवेल व गुजरातीत जींजवो म्हटले जाणारे गवत, अंजन गवत आणि घरोघरी परिचित असलेली हरळी किंवा दुर्वा ही सर्व उपयुक्त आहेत. गणपतीला वाहिलेल्या दुर्वांवर कुंकू-अक्षता असतात, म्हणून त्या न घालता वेगळ्या, धुतलेल्या दुर्वा द्याव्यात. कीटकनाशक फवारलेल्या हिरवळीवरील गवत टाळावे. पावसाळ्यात वाळलेल्या चाऱ्याला बुरशी लवकर धरते. वास कुबट येताच तो फेकावा. पोळीचे तुकडे, बिस्किटे, शेव व भिजवलेले हरभरे कौतुकाने खाऊ घातले जातात, ते बंद करावेत.

क-जीवनसत्त्वाची रोजची गरज वजनाच्या दर किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम इतकी सांगितली जाते. गाभण मादीची गरज वरच्या मर्यादेजवळ असते. ती भागवणे बडोद्यात अवघड नाही. १०० ग्रॅम पेरूत, म्हणजे येथील जामफळात, २०० मिलिग्रॅमच्या आसपास क-जीवनसत्त्व असते. साखर असल्यामुळे त्याची एक लहान फोड पुरे. ढोबळी मिरची वर्षभर मिळते, हिवाळ्यात आवळ्याचा कीस थोडा चालतो. खाद्यगोळ्यांतील हे जीवनसत्त्व साठवणीत व उष्णतेत नष्ट होत जाते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या शहरात जुन्या पिशवीतील गोळ्यांवर विसंबू नये. पिण्याच्या पाण्यात मिसळलेले औषधही फार काळ टिकत नाही.

मे महिन्यात निदानाचा एक घोळ नेहमी होतो. उकाड्याने गिनीपिगचे खाणे मंदावते आणि दातांचा आजार ‘गरमी’ म्हणून सोडून दिला जातो. उष्म्याने त्रासलेला प्राणी सर्वच खाणे टाळतो व आडवा पडून धापा टाकतो. दात दुखणारा प्राणी निवडून खातो. दोन्ही अवस्थांत उपचार तातडीनेच हवेत.

शहराला सर्वांत जवळचे पशुवैद्यक शिक्षणाचे केंद्र आणंद येथे असून तेथील महाविद्यालय १९६४ मध्ये सुरू झाले. गिनीपिग नेण्यापूर्वी कोणत्याही दवाखान्यात लहान कृंतकांना वायुरूप भूल देण्याची सोय व दात घासण्याचे यंत्र आहे का, हे विचारून घ्यावे.

उपचार : वाढलेल्या दाढा भूल देऊन बारीक दंतयंत्राने घासून नैसर्गिक तिरप्या पातळीवर आणल्या जातात. नखे कापण्याच्या कात्रीने किंवा पकडीने दात तोडणे पूर्णपणे वर्ज्य आहे. त्याने दात उभा चिरतो, ती चीर मुळापर्यंत जाऊन तेथे पू होतो. गिनीपिगला उलटी होत नाही, त्यामुळे भुलीपूर्वी कुत्र्या-मांजरांप्रमाणे दीर्घ उपाशी ठेवण्याची गरज नसते. तोंडातील चारा मात्र स्वच्छ करावा लागतो. वेदनाशामकाशिवाय प्राणी खाणे सुरू करत नाही. पशुवैद्य बहुधा मेलॉक्सिकॅम देतात.

प्राणी २४ तास उपाशी राहिला तर आतड्यांची हालचाल मंदावते आणि यकृतात चरबी साचू लागते. म्हणून दात नीट होण्याची वाट न पाहता हाताने भरवणे सुरू करावे. शाकाहारी प्राण्यांसाठीची तयार भुकटी किंवा गवताच्या भिजवलेल्या खाद्यगोळ्यांची पातळ पेज सुई काढलेल्या सिरिंजने दंतावकाशातून, एका वेळी थोडी, प्राणी गिळतो आहे हे पाहत द्यावी. दिवसभरात वजनाच्या दर किलोमागे ५० ते ८० मिलिलिटर, पाच-सहा वेळांत विभागून, हे प्रमाण सामान्यतः पाळले जाते. प्राण्याला उताणे धरून भरवू नये. अन्न श्वासनलिकेत जाते.

प्रतिजैविकांबाबत विशेष इशारा आवश्यक आहे. पेनिसिलीन गिनीपिगला घातक ठरते, हे १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून पुढे आले. त्यापूर्वी १९४० मध्ये ऑक्सफर्ड येथे या औषधाची निर्णायक चाचणी उंदरांवर झाली होती, आणि तिचा निकाल अनुकूल आला. पेनिसिलीन, अ‍ॅम्पिसिलीन, तोंडावाटे अ‍ॅमॉक्सिसिलीन, क्लिंडामायसिन व लिंकोमायसिन यांनी आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजतात आणि काही दिवसांत प्राणी दगावतो. माणसांच्या औषधपेटीतील अ‍ॅमॉक्सिसिलीनचे सरबत ‘लहान मुलांचे आहे, म्हणजे सौम्य’ या समजुतीने कधीही देऊ नये. एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा ही तुलनेने सुरक्षित औषधे पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावीत.

फलानुमान : आहारदोषातून उद्भवलेली, लवकर ओळखलेली अतिवाढ एक-दोनदा घासून व चारा बदलून आटोक्यात येते. मुळे लांबलेल्या प्राण्यात चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने घासणे आयुष्यभर करावे लागते. दीर्घकाळ नीट न चावल्याने जबड्याचे स्नायू शिथिल झाले असल्यास हनुवटीला आधार देणारा लवचिक पट्टा वापरण्याचा उपाय सुचवण्यात आला आहे. जबड्याच्या हाडातील गळवांचा पू घट्ट असल्याने तो वाहून जात नाही. गळू पिशवीसह काढावे लागते व तरीही ते पुन्हा होऊ शकते. डोळ्यामागील गळू आणि सतत घटणारे वजन एकत्र असल्यास वेदनारहित मृत्यूचा पर्याय पशुवैद्याशी मोकळेपणाने बोलावा. कमी वयात दाढांची बैठक बिघडलेल्या प्राण्यांपासून व सॅटिन जातीपासून पिल्ले घेऊ नयेत.