कार्यक्रम निश्चित करण्यापूर्वी : आमच्या वादकसंचाविषयी आयोजकांसाठी माहिती

आमचा संच पाच वादकांचा असून तो केवळ समकालीन पाश्चात्त्य अभिजात संगीत सादर करतो. फ्लूट, क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो ही आमची वाद्ये. हा मेळ आम्ही जुळवलेला नाही. अर्नोल्ड शोनबर्ग यांची ‘पिएरो ल्युनेर’ ही रचना १९१२ मध्ये बर्लिन येथे प्रथम सादर झाली, तेव्हा स्त्रीस्वराच्या साथीला हीच वाद्ये होती. पुढे अनेक रचनाकारांनी याच मेळासाठी लेखन केल्यामुळे त्याला ‘पिएरो संच’ असे नावच पडले. त्या रचनेत फ्लूटवादक पिकोलो, क्लॅरिनेटवादक बेस क्लॅरिनेट आणि व्हायोलिनवादक व्हायोलाही वाजवतो, म्हणजे माणसे पाच असली तरी वाद्ये आठ होतात. ‘पाचच जण आहेत, कोपऱ्यात मावतील’ असा समज आयोजकांचा अनेकदा असतो. तो कृपया दूर ठेवावा, कारण बदलायचे वाद्य वादकाच्या हाताशी असावे लागते.

सर्वांत आधी ठरवावी लागते ती पियानोची गोष्ट. हेन्री कॉवेल यांच्या ‘द बॅन्शी’ (१९२५) या रचनेत वादक पट्ट्यांना हातही लावत नाही. तो पियानोच्या वळणापाशी उभा राहून बोटांनी आणि नखांनी थेट तारा घासतो, आणि दुसरी व्यक्ती पट्ट्यांसमोर बसून पेडल दाबून धरते. जॉन केज यांनी १९४६ ते १९४८ या काळात लिहिलेल्या ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’साठी तर ४५ स्वरांच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबराचे तुकडे असे साहित्य आधी बसवावे लागते. हे ऐकून पियानोचे मालक दचकतात, आणि ते स्वाभाविक आहे. आम्ही पेडल दाबून तारा मोकळ्या करतो, दोन तारांमधील फटीला साजेशा जाडीचाच स्क्रू हलक्या हाताने सरकवतो आणि घामाने तांबे काळवंडू नये म्हणून खर्जाच्या तारांना हातमोजे घालूनच स्पर्श करतो. या तयारीला काही तास लागतात. एका सभागृहात प्रयोगाच्या तासभर आधी पियानोच्या देखरेखीवरील गृहस्थांनी झाकण बंद करून किल्ली खिशात टाकली आणि आम्हाला रचना बदलावी लागली. चूक आमचीच होती, कारण आम्ही केवळ तोंडी परवानगीवर विसंबलो होतो. तेव्हापासून आम्ही मालकांची लेखी संमती घेतो.

काही रचनांना ध्वनिवर्धकांची जोडीही लागते. स्टीव्ह राइश यांच्या ‘व्हरमाँट काउंटरपॉइंट’मध्ये (१९८२) रंगमंचावर एकच फ्लूटवादक असतो आणि उरलेल्या दहा फ्लूटांचे वादन ध्वनिमुद्रणातून येते. मुद्रित आवाज वरचढ झाला की समोरचा वादक नुसता ओठ हलवत असल्यासारखा दिसतो, म्हणून रिकाम्या सभागृहात आवाजाचा तोल जुळवण्यासाठी आम्हाला निदान एक तास हवा असतो.

प्रत्येक कार्यक्रमात एक छोटी रचना आम्ही दोनदा वाजवतो. शोनबर्ग यांनी १९१८ मध्ये व्हिएन्ना येथे नव्या संगीतासाठी जी खासगी संस्था काढली, तिच्या मैफलींत रचना पुन्हा पुन्हा ऐकवल्या जात, टाळ्यांना मात्र मनाई असे. त्यातले पहिलेच आम्ही उचलले आहे. टाळ्या अवश्य वाजवाव्यात. पहिल्या वेळी व्हायोलिनच्या घोडीजवळ, म्हणजे तारा पेलणाऱ्या लाकडी पट्टीजवळ, गज ओढल्याने येणारा काचेसारखा आवाज केवळ विचित्र वाटतो. दुसऱ्या वेळी तोच आवाज क्लॅरिनेटने सोडलेला स्वर पुढे नेत आहे, हे ध्यानात येते. वेळ कमी पडल्यास निवेदन आटोपते घ्यावे, ही पुनरावृत्ती गाळू नये.

हयात रचनाकारांच्या अनेक रचनांची स्वरलिपी विकत मिळत नाही. ती प्रकाशकाकडून ठरावीक मुदतीसाठी भाड्याने आणावी लागते आणि सादरीकरणाचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. त्यामुळे रचनांची यादी एकदा पक्की झाली की तीत बदल सुचवायचा असल्यास स्वरलिपी मागवण्यापूर्वी कळवावे. भाडे भरल्यानंतर केलेल्या बदलाचा खर्च आयोजकांकडे राहील.