उद्यानाच्या अंदाजपत्रकात पाणी कुठे आहे?

नव्या उद्यानाची बातमी आली की ‘शहराची फुप्फुसं’ आणि ‘ऑक्सिजन पार्क’ हे शब्द ठरलेले. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. चार-दोन एकर झाडीने त्या आकड्यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो हे तर निव्वळ खोटं, कारण प्रकाशसंश्लेषणाला उजेड लागतो. उद्यानांवर पैसा जरूर खर्च करावा, पण त्याचं एक भक्कम कारण या पाट्यांवर कधीच नसतं. ते म्हणजे वाफ.

मुळांनी ओढलेलं पाणी पानांवरच्या पर्णरंध्रांतून वाफ होऊन बाहेर पडतं. एका लिटरची वाफ व्हायला सुमारे २.४५ मेगाज्यूल उष्णता लागते. ती पानातून आणि भोवतालच्या हवेतून घेतली जाते, घाम वाळताना अंग गार पडतं तशीच. मोठ्या झाडाने दिवसात १०० लिटर पाणी सोडलं असं धरा. झाले २४५ मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या मापात ६८ युनिट. एक टनाचा एसी तासाला साधारण ३.५ युनिट उष्णता खोलीबाहेर काढतो. तेव्हा हे काम तो एसी १९ तास चालवण्याइतकं झालं! शिवाय एसी ती उष्णता, वर स्वतः खाल्लेल्या विजेची भर घालून, रस्त्यावरच ओततो. झाडाकडची वाफेत सुप्त राहून वाऱ्याबरोबर निघून जाते. हवा दमट असेल तर मात्र हा हिशेब बराच खाली येतो.

खरी मेख मातीत आहे. ती कोरडी पडू लागली की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं. रंध्राच्या दोन रक्षक पेशींतून पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात, त्यांच्यामागून पाणी जातं, पेशी सैल पडतात आणि छिद्र मिटतं. झाड जगतं, सावलीही देतं, पण बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानांतून वाफ सोडणं, जवळपास थांबतं. तेही नेमकं भर उन्हाळ्यात.

म्हणून अंदाजपत्रकात मला आधी माती आणि पाणी शोधावंसं वाटतं. तिथे सापडतात कमान, कारंजं आणि रंगीत दिवे. हा भांडवली खर्च एकदाच होतो आणि फोटोत दिसतो. देखभालीची तरतूद दरवर्षी लागते, आणि काटछाट करायची वेळ आली की पहिली कात्री तिलाच. बुंध्यापर्यंत फरशी घातली की पाणी मुरत नाही. रोलर फिरवून दाबलेल्या मातीत मुळांना हवाही मिळत नाही.

‘एक तोडलं तर दहा लावू’ हे आश्वासनही गणितात बसत नाही. पाच मीटर त्रिज्येचा पर्णसंभार ७८ चौरस मीटर जमीन झाकतो, अर्धा मीटर त्रिज्येचं रोप ०.७८. म्हणजे लावल्या दिवशी एका झाडाच्या जागी १०० रोपं हवीत.

पाणी पिण्याचंच हवं असं नाही, प्रक्रिया केलेलं सांडपाणी चालतं. फक्त त्यातले क्षार नियमित तपासावे लागतात. सोडियम साठत गेला तर चिकणमातीचे कण सुटे होऊन मातीतली छिद्रं बुजतात, आणि मग कितीही पाणी घातलं तरी ते मुळांपर्यंत पोहोचत नाही. या तपासणीचा खर्च देखभालीच्या निविदेतच धरायला हवा.